प्वेब्लोच्या बाईंची ओटी

जर्मनीतल्या आमच्या झिंडेलफिंगेनच्या फोल्क्सहोखशूलमध्ये, म्हणजे गावच्या संध्याकाळच्या शाळेत, वाट्टेल ते शिकायला मिळायचं. टॅक्सचे कागद भरणं, थाई स्वयंपाक, साल्सा, मधमाशा पाळणं. मी मातीकाम निवडलं. गाडीच्या दरवाजांच्या बिजागऱ्या दिवसभर कॉम्प्युटरवर उघडायच्या आणि मिटायच्या हे माझं काम. संध्याकाळी हातात काहीतरी ओबडधोबड असावं असं वाटायचं, आणि तसंच ते व्हायचं. नवरा त्याच गाड्यांच्या कारखान्यात, दुसऱ्या इमारतीत. माझे मग बघून तो म्हणायचा, "मापात किती चूक चालते, तो टॉलरन्स तू ऑफिसातच ठेवून येतेस वाटतं."

आदल्या उन्हाळ्यातल्या फुटबॉल विश्वचषकाचे झेंडे काही बाल्कन्यांत अजून फिके पडून लोंबत होते, त्या वर्षी आई आमच्याकडे राहायला आली. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. आई माणदेशातल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायची. सगळ्या गावाला तिचा आवाज माहीत होता. तिच्या वर्गात नकाशा उलटा धरणाऱ्याची धडगत नसे. तीच आई आमच्या घरात पाहुण्यासारखी वावरत होती. खिडकीशी बसायची, समोरच्या शेजाऱ्यांचं गवत कापणं बघायची. विचारलं तर उत्तर द्यायची, नाहीतर गप्प. कपाळ मोकळं. बाबा असताना ती ठसठशीत कुंकू लावायची, त्यामुळे ती मोकळी जागा मला आधी दिसायची आणि आई नंतर.

माझ्या मुलीच्या वाढदिवसाला तिनेच निरांजन घासून लखलखीत केलं, ताट मांडलं, सुपारी आणि अंगठी ठेवली, आणि औक्षणाची वेळ झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन दार ओढून घेतलं. "तू कर गं. मी भात बघते." भात केव्हाच झाला होता. मला भयंकर राग आला. आईचा नाही, पण कोणाचा ते सांगता येईना, म्हणून तो आईवरच निघाला. रात्री तिच्याशी भांडले. कुठल्या काळात राहतेस, इथे तुला कोण बोलणार आहे, वगैरे सगळं सुनावलं. ती म्हणाली, "मला तिथेही कोणी काही बोललेलं नाही. मलाच नको वाटतं." तिचा व्हिसा पानगळीपर्यंतचा होता. त्याआधी मला माझी जुनी आई परत हवी होती, निदान दाराच्या अलीकडे उभी राहणारी. तेवढंच हवं होतं, आणि ते कसं मिळवायचं हे मला अजिबात कळत नव्हतं.

त्याच सुमारास मातीकामाच्या बाईंनी जाहीर केलं, की न्यू मेक्सिकोतून त्यांची एक मैत्रीण आठवडाभरासाठी येणार आहे, प्वेब्लो पद्धतीची भांडी शिकवायला. प्वेब्लो म्हणजे स्पॅनिशमध्ये गाव. अमेरिकेच्या त्या कोरड्या भागात मातीच्या विटांची, एकावर एक रचलेली घरं करून शेकडो वर्षं राहत आलेले लोक आहेत. त्यांना आणि त्यांच्या गावांनाही हेच नाव पडलं. आमच्या बाई तरुणपणी तिथे राहून आलेल्या. "आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या, "चाक नाही, भट्टी नाही, आणि घाईही नाही. जमेल का तुम्हाला?"

मी आठवडाभराची रजा टाकली. आईला घरी एकटं सोडायचं नव्हतं, म्हणून तिलाही बरोबर नेलं. ती पातळ नेसून, वर स्वेटर घालून बागेकडच्या बाकावर बसली, शाल पांघरून, पर्स मांडीवर ठेवून, एसटीची वाट बघत असल्यासारखी.

प्वेब्लोच्या बाई आईपेक्षा थोड्या लहान असाव्यात. ठेंगण्या, रुंद, केस मागे घट्ट बांधलेले, अंगात साधा चौकटीचा शर्ट. त्यांनी टेबलावर मातीचा गोळा ठेवला, खिशातून एक छोटी पिशवी काढली आणि कॅमेरे खाली ठेवायला सांगितले. मग पिशवीतलं चिमूटभर मक्याचं पीठ मातीवर सोडून त्या आपल्या भाषेत काही पुटपुटल्या. अर्थ त्यांनी सांगितला नाही. आमच्यातल्या एका निवृत्त गृहस्थांनी विचारला तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "हे मी तिच्याशी बोलले, तुमच्याशी नाही." ती म्हणजे माती. गृहस्थांनी "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणत मान डोलावली, जणू त्यांना हेच अपेक्षित होतं. मी मागे वळून पाहिलं, तर आई बाकावर जरा सरसावून बसली होती.

पहिला नियम त्यांनी असा सांगितला, की ज्याच्या डोक्यात राग असेल त्याने आधी बाहेर एक फेरी मारून यावं. रागाने थापलेलं भांडं भाजताना तडकतं. मी तीन फेऱ्या मारून आले असते तरी पुरलं नसतं, पण एक मारली.

मातीच्या लांब वळ्या करायच्या, एकीवर एक चढवत जायच्या आणि सांधे बोटाने मिटवायचे. चाकावर मी दहा मिनिटांत वाकडा मग काढायचे, इथे सकाळभर बसून वाडग्याची नुसती कड उठली. प्वेब्लोच्या बाई काम करता करता आपल्या गावाबद्दल सांगत होत्या. घरांना दरवर्षी नव्याने मातीचा गिलावा करावा लागतो आणि तो बायका करतात. त्यांच्याकडे घर बाईचं असतं, आईकडून मुलीकडे जातं. सणाच्या दिवशी गावातली सगळी दारं उघडी असतात. चौकात नाच चाललेला असतो, त्याचे फोटो काढायचे नाहीत आणि संपल्यावर टाळ्याही वाजवायच्या नाहीत, कारण तो कोणाच्या करमणुकीसाठी नसतो. आणि दारातून जो कोणी आत येईल त्याला बसवून जेवू घालायचं. ओळखीचा असो नसो, कुठून आलास हे विचारायचं नाही. खाणाऱ्यानेही रेंगाळायचं नाही, पुढच्याला जागा करून द्यायची.

"म्हणजे पंगतच की," आई बाकावरून म्हणाली. मग स्वतःच्याच आवाजाने दचकल्यासारखी गप्प झाली. बाईंनी विचारलं, त्या काय म्हणाल्या? मी सांगितलं. बाईंनी आईकडे बघून मान हलवली आणि इंग्रजीत तिलाच विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?"

आई उभी राहिली. वर्गात उभी राहायची तशी, एक हात टेबलाच्या कडेवर. आपलं शाळेतलं इंग्रजी जुळवत तिने विचारलं, "तुमच्याकडे पाऊस किती?"

इतक्या महिन्यांत तिने आपणहून कोणाला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. प्वेब्लोच्या बाई मोठ्याने हसल्या. कमी, फार कमी, त्या म्हणाल्या. आम्ही जे काही करतो, नाच, गाणी, भांड्यांवरच्या या काळ्या रेघा, ते सगळं तेवढ्यासाठीच. आईने समजल्याची मान हलवली. "आमच्याकडेही नाही," ती म्हणाली. "ढग डोंगराच्या अलीकडेच रिकामे होतात." मग तिने टेबलावरच्या ओल्या मातीत बोटाने सह्याद्री काढला, वारा कुठून येतो ते दाखवलं आणि पलीकडच्या कोरड्या बाजूला एक टिंब देऊन म्हणाली, "हिअर. माय स्कूल." जर्मन मंडळी माना पुढे करून बघत होती. मला तिचा असा अभिमान वाटला, की हातातली वळी माझ्याकडून नकळत दाबून मोडली.

दुपारी बाईंनी फुटक्या खापरांची एक पिशवी उघडली. जुनी भांडी फुटली की ती टाकायची नाहीत. त्यांचा चुरा करून नव्या मातीत मिसळायचा, म्हणजे नवं भांडं टिकतं. त्यांच्या आजीच्या भांड्यांतही आजीच्या आधीच्या बायकांची भांडी होती. कोणाला काही न विचारता त्यांनी दगडी पाटा आईसमोर ठेवला आणि वरवंटा तिच्या हातात दिला. आईने शाल काढली, पदर खोचला आणि वाटायला बसली. पुढचे दिवस ते काम तिचंच झालं. जेवणाच्या सुट्टीत मी म्हटलं, दमशील गं, थांब आता. तर म्हणाली, "तू तुझं वाकडं वाडगं बघ."

शनिवारी भांडी भाजली. उघड्यावर जाळ करायचा म्हणून अग्निशमन दलाची परवानगी आणलेली होती, वाळूच्या बादल्या ओळीत मांडलेल्या होत्या. जळण म्हणून वाळलेलं शेण लागतं हे दलाला कसं कळवलं होतं देव जाणे. जवळच्या एका शेतकऱ्याने ट्रेलरभरून आणून टाकलं, आणि आमची मंडळी रबरी हातमोजे घालून, एकेक तुकडा दोन बोटांत धरून, काचेची वस्तू न्यावी तशी घेऊन चालली होती. आईने ते पाहिलं आणि तिला हसू फुटलं. आधी तोंडावर पदर धरला, मग तो सुटला, मग ती बाकाला धरून हसत राहिली. माझी मुलगी त्या दिवशी आमच्याबरोबर होती. ती धावत माझ्याकडे आली आणि मोठी बातमी सांगावी तसं जर्मनमध्ये ओरडली, "आई, आजी लाख्ट!" आजी हसतेय. माझं वाडगं त्या जाळात तडकलं. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी आई म्हणाली, "त्या बाईंना उद्या जेवायला बोलव. आठवडाभर पाव आणि चीज खाताहेत बिचाऱ्या." दुसऱ्या दिवशी नवरा मुलीला घेऊन पोहायला गेला. बायकांच्या गप्पांत आपलं काय काम, असं म्हणाला, पण खरं म्हणजे त्याला ठेच्याच्या धुराचा ठसका लागत होता. आईने बाजरीच्या भाकरी, पिठलं आणि ठेचा केला. पाहुण्यांसाठी गोड म्हणून शेवयांची खीर. ठेचा वाढताना मी शेजारी पाण्याचा जग ठेवला, तर बाईंनी भाकरीच्या तुकड्यावर ठेचा घेऊन शांतपणे खाल्ला, डोळे मिटले आणि आणखी मागितला. त्यांच्याकडे मिरचीशिवाय जेवण नसतं. जर्मनीत राहून इतकी वर्षं मी अशा माणसाची वाट बघत होते. आई तर इतकी खूश झाली, की बाईंच्या पानात भाकरीवर भाकरी पडत गेली.

पहिल्यांदा घरी आलेल्या बाईला रिकाम्या हाती पाठवायचं नाही, हे आईने सकाळीच बजावलं होतं. ओटीचं ताट तिनेच मांडलं. तांदूळ, हळकुंड, सुपारी, तिच्या बॅगेतलं हिरवं ब्लाउजपीस. नारळ सुपरमार्केटमधला, गुळगुळीत भादरलेला. "याला शेंडीच नाही," ती कुरकुरली, "असला कसला नारळ?" तरी ठेवला. कोयरीत हळदकुंकू घातलं, आणि जेवणं झाल्यावर माझ्या हातात ताट देऊन ती स्वयंपाकघरात गेली. दार ओढून घेतलं. आतून नळाचा आणि भांड्यांचा आवाज येऊ लागला. आठवड्याभरात मला वाटलं होतं, की ते सगळं मागे पडलं. ते दार परत मिटलं होतं.

पण पाहुण्या बाई समोर होत्या. मी त्यांना पाटावर बसवलं, हळद लावली, कुंकू लावलं. त्यांनी मुकाट्याने कपाळ पुढे केलं, जसं आम्ही आठवडाभर त्या सांगतील ते केलं होतं. मग विचारलं, "याचा अर्थ काय? सांगता येण्यासारखा असेल तर सांग."

त्यांनी आपल्या पिठाचा अर्थ आम्हाला सांगितला नव्हता. मलाही गप्प बसता आलं असतं. पण मी पडले इंजिनियर, विचारलं की समजावून सांगायचं. म्हणाले, हे मान देणं आहे, शुभ असतं, जिचा नवरा हयात आहे तिला लावतात.

"मग माणूस चुकला तुझा," बाई म्हणाल्या. त्यांचा नवरा काही वर्षांपूर्वी गेला होता, हे त्यांनी पाऊस कमी पडतो हे सांगावं तितक्या सरळ सांगितलं. मग टेबलावरचा कागदी नॅपकिन उचलला. "तुमच्या नियमाबाहेर काही व्हायला नको. पुसू का?"

आईशी तावातावाने भांडणारी मी, आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर अरे देवा. बाईंचा हात नॅपकिनसकट अर्ध्यावर थांबला होता. त्या खरंच विचारत होत्या, रागावलेल्या नव्हत्या, आणि मी हो म्हटलं असतं तर त्यांनी ते सहज पुसून टाकलं असतं.

आतला नळ बंद झाला होता. दार उघडलं आणि आई बाहेर आली. हाताला साबणाचा फेस तसाच. "नो," ती म्हणाली. "नो, नो. डोन्ट." आणि तिने त्या बाईंचं मनगट धरलं. त्यांच्या शर्टाची बाही फेसाने भिजली. मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "सांग त्यांना, पुसायचं नाही. आणि हेही सांग. माझं पुसलं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं."

बाबा गेले तेव्हा मी इथून पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. दारात बसलेली आई मी पाहिली ती मोकळ्या कपाळाची. भोवती काकू, आत्या, माम्या, सगळ्या रडणाऱ्या, सगळ्या मायेच्या. कोणीच वाईट नव्हतं. मी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडले होते. त्यांच्यातल्या कोणाचा तरी हात तिच्या कपाळावरून फिरला होता, हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही. फक्त त्या वेळी आईला काय वाटलं असेल तिथवर मी कधी पोहोचलेच नव्हते.

बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी ते वाक्य इंग्रजीत केलं. लहानसं वाक्य होतं, तरी मध्ये दोनदा थांबावं लागलं.

बाईंनी नॅपकिन ठेवून दिला. दुसऱ्या हाताने आईचा ओला हात धरला आणि माझ्याकडे न बघता तिलाच, सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "आता मी विचारते. तुम्हाला हवंय?" आणि ताटातल्या कोयरीकडे बोट केलं.

हे भाषांतर करायची गरज नव्हती. आई कोयरीकडे बघत राहिली. बाहेर कोणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू होतं, ते थांबलं, परत सुरू झालं. मला वाटत होतं ती हो म्हणेल. मी त्याच एका शब्दाची वाट बघत होते.

"नको," आई म्हणाली. मग मला म्हणाली, "त्यांना नीट सांग हं. मला आत्ता नकोय. पण हे नको माझं आहे. मी म्हणतेय."

मी सांगितलं. बाईंनी मान हलवली, जणू हो आणि नको यांत त्यांना काही फरक नव्हता, विचारणं तेवढं बाकी होतं.

आईने पदराला हात पुसले. "आण ते ताट इकडे," ती म्हणाली, तिच्या त्या जुन्या, सगळ्या गावाला माहीत असलेल्या आवाजात. "ओटी मी भरणार. आणि त्यांना पदर नाही, तर शर्ट पुढे धरायला सांग. नीट धरा म्हणावं, तांदूळ सांडतील."

बाईंनी आपल्या चौकटीच्या शर्टाचं टोक दोन्ही हातांनी पसरलं. आईने ओंजळ भरून घेतली. मी स्वयंपाकघरात गेले आणि राहिलेली भांडी घासायला घेतली, कारण मला रडू आवरत नव्हतं आणि त्या दोघींच्या मध्ये उभं राहायचं मला आता काही काम नव्हतं. दार मी उघडंच ठेवलं.